डाव्या पायांची खोली

मांडणी माझ्यामुळे पडली. वरच्या फळीवरचा कंदील काढायला मी खालच्या फळीवर पाय ठेवला, आणि छताला टेकलेली ती जुनी लाकडी मांडणी आधी जराशी कुरकुरली, मग एखाद्या थोर नटाने प्रेक्षकांना अभिवादन करावं तशी कमरेत वाकत वाकत माझ्या अंगावर आली. मी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवतो. भूकंपावर बोलण्यात हयात गेली, पण स्वतः घडवून आणलेला भूकंप हा पहिलाच.

धूळ बसल्यावर मी डोकं वर काढलं, तेव्हा माझ्याभोवती मुकुट होते, किटल्या होत्या, लाकडी तलवारी होत्या, मांडीवर एक कवटी होती, आणि बाकी खोलीभर पसरली होती ती पादत्राणं. बूट, चपला, सँडल. सगळी डाव्या पायाची.

आणि दारात कमरेवर हात ठेवून जप्तीकाकू उभ्या होत्या.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मी ठीक आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही हो, कवटीला."

काकूंची ओळख करून द्यायची तर आधी आमच्या विद्यापीठाला दरवर्षी येणाऱ्या तापाची ओळख करून द्यायला हवी. परीक्षा संपल्या की नाटकं, गाणी, वाद्यमेळ आणि चित्रप्रदर्शनांचा महोत्सव सुरू होतो, आणि एरवी गणितं सोडवणारी माणसंही एकमेकांशी घसा सांभाळून बोलू लागतात. महोत्सवाला एक समिती असते. ज्या बैठकीत समिती निवडली तिला मी गैरहजर होतो, म्हणून मी समितीवर आहे.

नाटकाला लागणाऱ्या वस्तूंना नाटकवाले 'प्रॉपर्टी' म्हणतात. आमच्या नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, ही प्रॉपर्टीची खोली आहे, आणि तिची किल्ली काकूंच्या कमरेला. काकू इथे आल्या त्या पोशाख शिवायला. पुढे नजर कमी झाली तेव्हा त्यांना ही खोली दिली. नजर कमी झाली हे डॉक्टरांचं मत. आमच्यापैकी कोणाला तसा अनुभव नाही.

सुरुवातीला त्यांनीही चारचौघांसारखी वही ठेवली होती. वस्तू न्या, सही करा. मग एकदा बारा तलवारी नेणाऱ्याची सही नीट वाचली, तर ती विद्यापीठाच्या संस्थापकांची निघाली. संस्थापकांचा पुतळा बाहेर चौकात उभा आहे, आणि त्याच्या हातात तलवार नाही, एवढं काकूंनी जाऊन पाहिलंसुद्धा. त्या दिवशी वही बंद झाली. "वही खोटं बोलते," असं काकूंचं मत पडलं, आणि त्यांनी स्वतःची पद्धत सुरू केली. वस्तू न्यायची तर डाव्या पायातलं काढून ठेवायचं. वस्तू जिथली उचलली त्याच जागी ते ठेवलं जाई; जमिनीवरच्या मोठ्या वस्तूंसाठी मांडणीची खालची फळी होती. किटलीच्या जागी बूट दिसला की समजावं, किटली फिरायला गेली आहे. बूट परत हवा तर किटली आणा. म्हणून त्या जप्तीकाकू.

"पण डावाच का, काकू?" मी एकदा विचारलं होतं.

"उजवा पाय पुढे पळायला बघतो. डावा मागे राहून विचार करतो, की बाबा, आपल्याला परत जायचंय."

पद्धत मात्र कधी चुकली नाही. महोत्सवाच्या दिवसांत आवारात एका पायात बूट आणि दुसऱ्यात रबरी स्लिपर घालून माणूस दिसला, तर कोणी हसत नसे. त्याच्याकडे आदराने बघत. कलावंत आहे!

काकूंचा स्वभाव संशयी होता असं म्हणणं म्हणजे समुद्र ओलसर असतो असं म्हणणं. परत आलेली प्रत्येक वस्तू त्या वाजवून बघत. वाजत नसेल तर हुंगून बघत. कोणी "काकू, कशा आहात?" विचारलं की "काय हवंय?" हे उत्तर. कोणी "काही नको, सहज" म्हटलं तर त्या उठून खोलीला आतून कडी लावत. लग्नाआधी बघायला आलेल्या मुलाचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, पण त्याच्या बुटांच्या टाचा सारख्या झिजल्या होत्या, म्हणून हो म्हटलं, असं त्या सांगत. तो मुलगा म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या बसचे ड्रायव्हरकाका. आता निवृत्त होते.

आणि गंमत अशी की संशयाच्या बाबतीत काकूंना तोडीस तोड माणूस यंदा भेटला होता. नवे सांस्कृतिक अधिकारी. या गृहस्थांना बोलताना वर, छताकडे बघायची सवय होती, त्यामुळे त्यांच्यासमोर उभा असलेला प्रत्येक जण आपल्या डोक्यावर काही लोंबतंय का ते बघून घेई. त्यांच्या मते या खोलीतून वस्तू बाहेर जातात आणि परत येत नाहीत. पुरावा नव्हता. पुराव्यावाचून चालतो त्यालाच संशय म्हणतात.

"नियम साधा आहे," त्यांनी महोत्सवाच्या आधीच छताला बजावून सांगितलं होतं. "वस्तू न्यायच्या त्या कलाकारांनी किंवा समितीच्या सदस्यांनी. महोत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः मोजदाद करणार. एक वस्तू जरी भलत्या माणसाकडे निघाली, तरी खोली बंद. पुढच्या वर्षीपासून सगळं ठेकेदाराकडून भाड्याने. आणि काकू परीक्षा विभागात, पाकिटं चिकटवायला."

अशा खोलीतली मांडणी मी पाडली. कुठल्या वस्तूच्या जागी कुठला बूट होता, याचा सगळा हिशेब माझ्या एका पायाने पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावणं गेलं. नेलेली वस्तू घेऊन या, आपापलं पादत्राण ओळखून न्या. खोलीबाहेर अख्खं विद्यापीठ एका पायावर उभं राहिलं. अधिकारी देखरेखीला होतेच. मी गुन्हेगार म्हणून ढिगाऱ्याशी बसून एकेक बूट वर करून दाखवत होतो.

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई पडद्याच्या दोऱ्या देऊन आपला सँडल घेऊन गेल्या. चित्रकलेच्या विभागप्रमुखांनी एका चकचकीत नव्या बुटाकडे बोट दाखवलं.

"काकू, हा माझा असावा."

"असावा? तुमच्या पायाला विचारा."

पायाने नाही म्हटलं. विभागप्रमुख आपला फाटका बूट घेऊन गुपचूप गेले.

सगळे संपले, आणि माझ्या हातात एक चप्पल उरली. बायकी, तपकिरी, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली, तुटलेल्या पट्ट्याला बारीक, सुरेख टाका घातलेला. मी ती वर धरून विचारलं, "ही कोणाची?" कोणीही पुढे आलं नाही.

नेमकी त्याच वेळी समारोपाच्या नाटकाची दिग्दर्शिका आली. शेवटच्या वर्षाला शिकणारी मुलगी. बोलताना दोन्ही हात असे फिरवी की जवळ उभं राहणाऱ्याने चष्मा काढून ठेवावा.

"काकू, आम्ही नाटक बदललंय. मला ती व्हीलचेअर लागेल."

मोठे रंगवलेले पडदे गुंडाळून ठेवलेल्या कोपऱ्यात व्हीलचेअर असायची. मी पडदे बाजूला केले. कोपरा रिकामा होता. "इथे नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?" मुलीचे हात हवेतच थांबले. "अहो, नाटकातले आजोबा पूर्णवेळ खुर्चीत बसून घरादारावर पाळत ठेवतात, आणि शेवटच्या प्रवेशात एकदम उठून उभे राहतात. तेच नाटक आहे! आजोबा पहिल्यापासून उभेच असले, तर शेवटी उठणार कुठून?"

"म्हणजे जिची ही चप्पल, तिने खुर्ची नेली," अधिकारी छताकडे बघत म्हणाले. "आणि मांडणी बरोबर याच वेळी पडली. योगायोग बरा असतो, नाही का सर?"

'सर' म्हणजे मी. माझ्या पाचावर धारण बसली. मी खुर्ची चोरून पुरावा नष्ट करायला मांडणी पाडली, आणि वर कोणा बाईला यात ओढलं, असा अर्थ जमलेल्या मंडळींनी लगेच काढलेला दिसला. दिग्दर्शिका माझ्यापासून एक पाऊल लांब सरकली.

"काकू, तुमचा कोणावर संशय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कोणावरच नाही," काकू म्हणाल्या.

काकूंचा कोणावरच संशय नाही! मला खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पण आपण पडलो शास्त्रज्ञ, आपल्याला खडकाचं वय कळतं, माणसाचं मन कळायला बायको लागते.

पुढच्या दिवसांत महोत्सव एकीकडे चालू, आणि संशय दुसरीकडे. गाणाऱ्यांना वाटे चित्रकारांनी खुर्ची नेऊन प्रदर्शनात कुठे तरी रंगवून ठेवली आहे. चित्रकारांना वाटे ढोलवाल्यांनी ढोल वाहायला नेली. ढोलवाले कोणावर संशय घेत नव्हते, पण ते इतके निरागस दिसत की सगळे त्यांच्यावरच घेत. वाद्यमेळाला गेलेली माणसं वाजवणाऱ्यांचे हात सोडून पाय बघत बसली.

त्यात मीही होतो. माझ्या नावावरचा डाग पुसायचा तर या चपलेची उजवी बहीण शोधणं भाग होतं. मी बायकांच्या पायांकडे बघत चालू लागलो. याचे परिणाम व्हायचे ते झाले.

"शेजारच्या वहिनी आल्या होत्या," एका संध्याकाळी आमच्या घरच्या न्यायालयाने कामकाज सुरू केलं. "म्हणत होत्या, भावजींची मान हल्ली वर होत नाही. तब्येत बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. चप्पल, टाच, पट्टा, टाका. बायको भाजी निवडत ऐकत होती.

"टाका चांभाराचा होता?"

"छे, अगदी नाजूक. कपड्याला घालतात तसा."

"म्हणजे शिवणकाम येणारी बाई. आणि तुम्ही उजवी चप्पल शोधताय. अहो, डावी पकडली गेल्यावर उजवी घालून मिरवायला ती काय वेडी आहे? पायात चप्पलच नसलेली बाई शोधा."

मी हातातला पेला खाली ठेवला. काकू गेले काही दिवस घरातल्या कापडी सपाता घालून येत होत्या. विचारलं तर "पाय सुजलाय" म्हणत. इतकी वर्षं साऱ्या विद्यापीठाच्या पायांकडे बघणाऱ्या त्या बाईच्या पायांकडे आम्ही कोणी कधी संशयाने बघितलंच नव्हतं.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. बस उभ्या राहतात त्या आवारामागे कर्मचाऱ्यांची बैठी घरं आहेत. कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी तर मी पण आहे. तुम्ही कोण?"

"भूगर्भशास्त्र."

दार बोटभर उघडलं. आतून एक डोळा बराच वेळ माझी तपासणी करत राहिला. एवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "अगं, येऊ दे त्यांना! मांडणी पाडली ते मास्तर ना? मला बघायचंच होतं यांना!"

खिडकीपाशी ड्रायव्हरकाका बसले होते. व्हीलचेअरमध्ये. खुर्चीच्या दांड्याला त्यांनी दाढीचा आरसा सुतळीने बांधला होता.

"मागचं दिसायला नको?" माझी नजर ओळखून ते म्हणाले, आणि आरशात बघत, तोंडाने 'पीं पीं' करत, खुर्ची सफाईने मागे घेऊन माझ्यासमोर आणून उभी केली. "आयुष्यात एकदा धडक दिली नाही. पडलो कशावरून? स्टुलावरून! बल्ब बदलताना. स्टुलाला ब्रेक नसतो ना."

कमरेचं हाड मोडलं होतं. काकूंना वाटलं होतं महोत्सवाच्या शेवटापर्यंत ते चालू लागतील, खुर्ची गुपचूप जागेवर जाईल. यंदाच्या एकाही नाटकात ती नव्हती. मग डॉक्टरांनी मुदत वाढवली आणि त्या मुलीने नाटक बदललं.

"दवाखान्यातली खुर्ची का नाही घेतली?" मी विचारलं.

"रांग आहे," काकू म्हणाल्या. "खुर्चीसाठी रांगेत उभं राहायचं! उभं राहता येत असतं तर खुर्ची कशाला लागली असती?"

"पण काकू, चप्पल! मांडणी पडली तेव्हा ढिगाऱ्यातून हळूच उचलून पायात घातली असती, तर कोणाला कळलं असतं?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही चोरून निघालो होतो. "खुर्ची परत आली नव्हती ना."

मी खुर्चीवर (साध्या) जरा टेकलो. मला एकदम दानशूर व्हावंसं वाटू लागलं. "हे बघा, मी सांगतो, खुर्ची मीच नेली होती. समितीचा सदस्य आहे मी, मला चालतं. माझ्यावर तसाही संशय आहेच."

"मग तुमचा बूट कुठंय?"

"बूट?"

"खुर्ची तुम्ही नेलीत तर खोलीत तुमचा बूट हवा. आहे का? नाही. मग नेली नाहीत." विषय संपला. मग जरा वेळाने, चहाचा कप माझ्या हातात देताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खोली गेली तर जाऊ दे मास्तर. पण यांना जमिनीवर सरपटत जाताना मी नाही बघणार."

हे बोलताना त्या माझ्याकडे नाही, कपाकडे बघत होत्या. कप त्यांचा होता आणि मी तो परत देईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

मार्ग काढला तो ड्रायव्हरकाकांनी. "मलाच घेऊन चला की नाटकाला! आयुष्यभर सगळ्यांना बसने नाट्यगृहाच्या दारात सोडलं. आत कधी गेलो नाही. बस कोण बघणार? आता मला आत प्रेक्षकांत बसवा, खुर्ची तिकडे रंगमंचावर जाऊ दे. नाटक संपलं की मला परत द्या."

समारोपाच्या दिवशी दुपारी काकू भर आवारातून नवऱ्याला व्हीलचेअरमध्ये ढकलत आल्या. पायांत सपाता. लपवाछपवी नाही. मी नि ढोलवाल्यांनी काकांना उचलून पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. काकूंनी खुर्ची खोलीत नेली, वाजवून पाहिली, कोपऱ्यात ठेवली, आपली चप्पल घेतली आणि डाव्या पायात चढवली. मग दिग्दर्शिकेला हाक मारून तिचा डावा बूट काढून घेतला आणि खुर्ची दिली. एवढं सगळं अधिकारी दारातून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मान खाली, काकूंच्या चपलेकडे होती.

"म्हणजे तुम्ही!"

"मी."

"विद्यापीठाची वस्तू घरी?"

"चप्पल ठेवली होती."

"चप्पल म्हणजे परवानगी नव्हे." त्यांची मान पुन्हा छताकडे गेली. "ठीक आहे. झालं ते झालं, महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मला तमाशा नको. पण उद्या सकाळी मोजदाद आहे. खुर्ची जागेवर हवी, नाहीतर हक्काच्या माणसाकडे. तुमच्या घरी निघाली, तर ही किल्ली मी घेणार."

ते गेले. काकूंनी कमरेची किल्ली एकदा चाचपून पाहिली.

नाटक उत्तम झालं. घाईत एक गोष्ट राहून गेली होती, खुर्चीच्या दांड्याला बांधलेला दाढीचा आरसा कोणी सोडलाच नव्हता. नाटकातल्या आजोबांना तो अचानक दिसला. मग काय! पाठमोरे बसून ते आरशातून सुनेवर पाळत ठेवू लागले, मुलगा दबक्या पावलांनी मागून आला की "दिसतोयस, दिसतोयस" म्हणू लागले. हे वाक्य नाटकात नव्हतं. प्रेक्षक हसून हसून बेजार. पहिल्या रांगेत ड्रायव्हरकाका शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगत होते, "आरसा आपला आहे!" शेवटी आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या ड्रायव्हरकाकांनी वाजवल्या. काकूंनी नाही वाजवल्या. त्या विंगेत उभ्या राहून खुर्चीची चाकं बघत होत्या. आणि मला वाटतं, त्यांना उद्याची सकाळ दिसत होती.

पडदा पडला. खोलीपाशी वस्तू परत करणाऱ्यांची झुंबड उडाली. दिग्दर्शिका खुर्ची देऊन, बूट घालून, रडत आणि हसत गेली. खुर्ची कोपऱ्यात गेली. काकूंनी आरसा सोडून पदराने पुसला नि आपल्या पिशवीत टाकला. गर्दी ओसरल्यावर खोलीत मी आणि काकू, आणि बाहेर रिकाम्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसलेले काका.

"अगं, मला न्यायचं विसरलीस काय?" तिथून हाक आली.

काकू जागच्या हलल्या नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत राहिल्या. नेली तर खोली जाणार. नाही नेली तर तो माणूस घरी जायचा कसा, आणि उद्या खिडकीपर्यंत पोचायचा कसा?

माझ्या डोक्यात उशिरा का होईना, प्रकाश पडला. भूगर्भशास्त्रात उशीर म्हणजे काही लाख वर्षं, त्या मानाने हे लवकरच.

"काकू," मी छाती पुढे काढून म्हणालो, "काकांना घरी मी नेतो. खुर्ची मी घेतो. मी समितीचा सदस्य, नियमात अगदी चोख बसतं. ते बरे होईपर्यंत खुर्ची माझ्या नावावर. अधिकारी काय करणार?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या रिकाम्या होऊ घातलेल्या कोपऱ्याकडे, आणि मग, सवयीने, खाली.

मी हसलो. "अहो, आता हे काय! नवरा तुमचा, घर तुमचं, खोलीही वाचतेय. एवढं झाल्यावर तरी माझ्यावर विश्वास ठेवाल की नाही?"

"नवरा विश्वासावर न्या, खुर्चीसाठी डावा बूट काढा."